‘फोर बाय फोर एकदाही टाकली नाही’ हे ऐकून खूश होऊ नका

प्रश्न : मी कळंब्याला राहतो, नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. रोज जाऊन-येऊन साधारण ४५ किलोमीटर होतात. घरात आम्ही पाच जण : मी, पत्नी, ११ आणि ७ वर्षांची दोन मुलं आणि आई. आई ६८ वर्षांची आहे, गुडघे दुखतात. सासुरवाडी गगनबावड्याच्या बाजूला. तिथल्या शेतघरापर्यंत दीड किलोमीटरची पाणंद आहे. पावसाळ्यात आमची स्विफ्ट चढावर रुतते, गेल्या वर्षी दोनदा ट्रॅक्टर लावून काढली. शिवाय सुट्टीत दाजीपूर, आंबोली, तिलारी असं मुलांना घेऊन फिरायला आवडतं. दहा लाखांत जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणारी गाडी घ्यायची आहे. २०१६ ची डस्टर ऑल-व्हील, २०१७ ची स्कॉर्पिओ, २०१६ ची सफारी स्टॉर्म आणि २०२१ ची थार अशा चार बघितल्या. थार बजेटच्या जरा वर जाते. एक जण दिल्ली पासिंगची एंडेव्हरही स्वस्तात देतोय. मित्र म्हणतात, डोळे झाकून थार घे. काय करू? – एक वाचक, कळंबा

उत्तर :

तुमचं पत्र वाचून मी आधी घरातली माणसं मोजली. पाच. थारला आसनं चार. शिवाय मागं बसायचं तर पुढची सीट सरकवून, वाकून, पाय आत ओढून घ्यावा लागतो. ज्या बाईंचे गुडघे दुखतात त्यांना दर रविवारी ही कसरत करायला लावणार का? थार चिखलात उत्तम चालते, याबद्दल तुमच्या मित्रांशी माझं भांडण नाही. पण तुमच्या घराला ती बसत नाही. उद्या कुणी जिम्नी सुचवली तर तिथंही तेच, आसनं चारच. या दोन्ही नावांवर आज काट मारा.

आता पाणंदीकडे येऊ, कारण खरा निर्णय तिथंच होणार आहे. तुम्ही लिहिलंय की चढावर स्विफ्ट रुतते. नेमकी कशानं रुतते ते मात्र लिहिलं नाही. तांबडी माती निसरडी झाली म्हणून चाक जागच्या जागी फिरतं, की ट्रॅक्टरनं पाडलेल्या चाकोऱ्या इतक्या खोल आहेत की गाडीचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकतं? ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. पहिल्यात चारही चाकांना ताकद मिळाली की काम होतं. दुसऱ्यात उंची लागते, आणि चढ खडा असेल तर लो रेंज, म्हणजे चाकं हळू पण जोरानं फिरवणारे जादा गिअर, हेही लागतात.

हे ओळखायचा एक सोपा मार्ग सांगतो. सासरे किंवा मेव्हण्यांना विचारा, ऐन श्रावणात त्या पाणंदीनं दुधाच्या कॅनांची पिकअप वर येते का? अशा पिकअपला बहुतेक वेळा मागच्या दोनच चाकांना ताकद असते. ती रोज सकाळी चढत असेल, तर तुम्हाला चिखलातला रणगाडा नको आहे. जमिनीपासून उंच, चारही चाकं ओढणारी, चांगल्या टायरची गाडी पुरे. आणि पावसाळाभर दूधवाला खालीच थांबत असेल, कॅन डोक्यावरून नाहीतर ट्रॅक्टरवरून उतरवत असतील, तर मात्र लो रेंजशिवाय निभाव लागणार नाही.

लो रेंज म्हणजे काय, हे विक्रेते नीट सांगत नाहीत. स्कॉर्पिओ आणि स्टॉर्म या गाड्या एरवी मागच्या चाकांवर चालतात. फोर-हाय टाकलं की ट्रान्सफर केसमधून, म्हणजे ताकद पुढं-मागं वाटणाऱ्या पेटीतून, पुढच्या चाकांनाही शाफ्ट जोडला जातो. फोर-लो टाकलं की त्याच केसमधले दुसरे गिअर लागतात, चाकं अगदी हळू पण प्रचंड जोरानं फिरतात. खडा चढ, मोठे दगड, ओढ्यातून वर येणं, ही त्याची कामं. खडा उतार उतरतानाही ब्रेक न जाळता इंजिनच गाडी धरून ठेवतं. या पद्धतीचा एक नियम आहे. पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा डिफरन्शियल मध्ये नसतो, म्हणून कोरड्या डांबरीवर फोर-हाय टाकून वळणं घ्यायची नाहीत. शाफ्टला पीळ बसतो आणि ट्रान्सफर केसचं आयुष्य जातं.

डस्टरची तऱ्हा निराळी. ती पुढच्या चाकांवर चालते आणि गरज पडली की मागच्या चाकांना आपोआप ताकद पोचवते. मध्ये एक गोल बटण आहे : टू-व्हील, ऑटो आणि लॉक. लो रेंज नाही, पण ऑल-व्हील मॉडेलचा पहिला गिअर मुद्दाम फार आखूड ठेवलेला आहे, त्यामुळे चढावर गाडी क्लच न जाळता रांगते. जमिनीपासून उंची २१० मिलिमीटर. मागचं सस्पेन्शनही स्वतंत्र, त्यामुळे खडबडीत वाटेवर मागं बसलेल्यांचं कंबरडं मोडत नाही. उणं एवढंच की चाकं बराच वेळ नुसतीच फिरत राहिली तर मागच्या चाकांना ताकद जोडणारं कपलिंग तापतं आणि स्वतःला वाचवायला मागची ताकद काढून घेतं. ओळीनं पंधरा मिनिटं चिखलाशी झुंजायची ही गाडी नाही.

इथं एक जुनी गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्यावर येऊ नये असं मनापासून वाटतं.

माझी पहिली फोर बाय फोर मीही जुनीच घेतली. विकणारा ओळखीतला. “एकदाबी फोर बाय फोर टाकली न्हाई, फुल्ल नवी हाय तशी,” असं त्यानं सांगितलं आणि मी भाळलो. लिव्हर पुढं-मागं होत होता, डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागत होता, मला वाटलं झालं काम. पहिल्याच पावसाळ्यात राधानगरीच्या पुढं एका वाडीकडं निघालो होतो. दिवस मावळतीला आलेला, मागच्या सीटवर चार वर्षांची मुलगी झोपलेली. एका ओहोळाच्या चढावर गाडी थांबली ती थांबलीच. फोर-लो टाकलं, दिवा लागला, मागची चाकं चिखल उडवत होती, पुढची ढिम्म हलत नव्हती. वाडीतले एक काका बॅटरी घेऊन आले, गुडघ्यावर बसले, गाडीखाली उजेड टाकला आणि म्हणाले, “साहेब, पुढचा दांडाच न्हाई की ओ गाडीला.”

पुढचा प्रोपेलर शाफ्ट खरंच नव्हता. आधीच्या मालकानं शाफ्टच्या क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा, आवाज येतो म्हणून काढून ठेवला होता, आणि एव्हरेज थोडं वाढतं म्हणून परत बसवलाच नव्हता. काकांनी ट्रॅक्टर आणला. मुलगी जागी होऊन रडायला लागली होती, तिला त्यांच्या घरी गरम दूध मिळालं. ते दूध मी विसरलेलो नाही, आणि गाडी बघायला गेलो की खाली वाकल्याशिवाय किमतीची भाषा काढत नाही.

म्हणून, ‘कधी वापरलीच नाही’ ही शाबासकी समजू नका. वर्षानुवर्षं न वापरलेल्या फोर बाय फोरचे सांधे गंजतात, शिफ्ट करणारी मोटर अडकते, सील सुकून तेल पाझरतं. दर महिन्याला थोडी वापरलेली आणि वेळच्या वेळी तेल बदललेली गाडी केव्हाही बरी. बिलं मागा. इंजिन ऑइलची बिलं सगळेच दाखवतात, तुम्ही ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियलचं तेल कधी बदललं ते विचारा. या प्रश्नाला विकणारा कसं उत्तर देतो त्यावरून त्यानं गाडी कशी ठेवली ते निम्मं कळतं.

तपासायचं कसं? स्कॉर्पिओ-स्टॉर्मला आधी खाली वाका आणि पुढचा शाफ्ट आहे ना ते बघा. मग ओल्या, मोकळ्या मातीवर फोर-हाय टाका, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि अगदी हळू गोल फिरवा. पुढची चाकं खरंच जोडली गेली असतील तर गाडी जड होते, अडखळत, दचके देत फिरते. टू-हायला, म्हणजे परत दोनच चाकांवर, घेतलं की पुन्हा हलकी. दोन्हींत फरकच जाणवला नाही तर दिव्यावर विश्वास ठेवू नका. त्यानंतर गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये फोर-लो टाकून बघा. खडखडाट झाला किंवा दिवा नुसताच लुकलुकत राहिला तर मोटर नाहीतर वायरिंग गेलेलं असतं. डस्टरला बटण लॉकवर टाका, निसरड्या चढावर न्या आणि पत्नीला बाहेर लांब उभं करून मागची चाकं बघायला सांगा. पुढची घसरायला लागली की लगेच मागच्यांनी माती मागं टाकली पाहिजे. विकणारा तयार असेल तर ही परीक्षा तुमच्या पाणंदीवरच घ्या. मृगाचा पाऊस पडून गेलाय, यापेक्षा चांगला मुहूर्त नाही. कोल्हापूर ते गगनबावडा ५५ किलोमीटर आहे, डिझेल तुम्ही घाला. नको म्हणाला तर का नको म्हणतोय याचा विचार करा.

आता आपल्या भागाचं खास दुखणं, पुराचं पाणी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं, शिरोलीजवळ महामार्ग कसा बंद पडला होता, ते तुम्हाला सांगायला नको. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊनपुसून, नवे सीट कव्हर घालून बाजारात आल्या. तुमच्या यादीतल्या डस्टर, स्कॉर्पिओ आणि स्टॉर्म तिन्ही त्याच्या आधीच्या आहेत, त्यामुळे तिघींकडंही संशयानंच बघायचं. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. टोकाच्या दोन वितीत गाळाची पिवळट रेघ दिसली तर बाकी काही बघायची गरज नाही. बेल्ट कुणी आतपर्यंत धूत नाही. सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांचा गंज, डॅशबोर्डखालच्या स्क्रूंचा गंज, स्टेपनीच्या खाचेतला सुकलेला चिखल, हेडलाइटच्या आतली पाण्याची रेघ हेही बघा. एसी पाच मिनिटं बंद काचांत लावा. कुबट वास अत्तरानं झाकत नाही. विम्याच्या क्लेमची माहितीही मागून घ्या.

कोकण पासिंगची, म्हणजे एमएच ०७ किंवा ०८ ची गाडी पुढं आली तर खालून चेसिस हातानं चाचपून बघा. समुद्राची खारी हवा लोखंड आतून खाते आणि वरून काळा रंग मारला की ते दिसत नाही. साध्या स्क्रू ड्रायव्हरनं चेसिसला ठोका, आवाज पोकळ आला किंवा पापुद्रे पडले तर परत फिरा.

दिल्लीची एंडेव्हर स्वस्त का आहे ते आता सांगतो. दिल्ली-एनसीआरमध्ये दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार गेली काही वर्षं राहिलीय, म्हणून त्या बाहेर ढकलल्या जातात. गाडी वाईटच असेल असं नाही, उलट कोरड्या हवेमुळं गंज कमी असतो. पण तिथल्या आरटीओची एनओसी आणायची, महाराष्ट्राचा रोड टॅक्स नव्यानं भरायचा, एमएच ०९ नंबर घ्यायचा, हे सगळं धरून हिशेब मांडा. शिवाय फोर्डनं भारतातलं उत्पादन २०२१ मध्ये बंद करायचं जाहीर केलं. एवढ्या मोठ्या गाडीचा एखादा इलेक्ट्रॉनिक भाग गेला तर तुमचा महिन्याचा पगार एका बिलात जाईल. रोज कागलला जाणाऱ्या माणसानं हा ताप घेऊ नये.

उरल्या तिघी. स्टॉर्म बसायला राजेशाही आहे, आई त्यात सगळ्यात खूश होतील यात शंका नाही. पण लांबी ४६५५ मिलिमीटर, डस्टरपेक्षा ३४० नं जास्त, आणि कळंब्याच्या गल्लीत रोज संध्याकाळी ती वळवायची तुम्हाला. उत्पादन २०१९ मध्येच थांबलंय. मी तिला तिसरा नंबर देतो.

स्कॉर्पिओची मोठी बाजू म्हणजे शिवाजी उद्यमनगरातला मेकॅनिक तिला डोळे मिटून खोलतो आणि जोडतो. गगनबावड्यालाही तिचा एखादा पार्ट मिळून जाईल. इंजिनला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे; त्याचं महत्त्व डस्टरच्या वेळी सांगतो. चेसिस दणकट, लो रेंज आहे, पाच वर्षांनी विकायला गेलात तरी गिऱ्हाईक दारात येतं. पण महामार्गावर वेगात ती डुलते, मागं बसणाऱ्या मुलांना घाटात मळमळतं आणि पायरी उंच आहे. घेतलीत तर पहिल्याच आठवड्यात रुंद फूटस्टेप आणि दाराजवळ धरायला भक्कम हँडल बसवून घ्या.

डस्टर रोजच्या कामाला सगळ्यात बरी. तुमचे ऑफिसचे वर्षाचे १२-१३ हजार आणि फिरण्याचे दोन-तीन, असे १५ हजार किलोमीटर धरू. डस्टरनं लिटरला १५ दिले आणि स्कॉर्पिओनं साडेअकरा, तर वर्षाला ३०० लिटरचा फरक पडतो. लिटरला ९० रुपये धरले तरी २७ हजार. मात्र दोन गोष्टी नीट बघा. या दीड लिटर डिझेल इंजिनला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिन उतरवावं लागतं. बदलल्याचं बिल नसेल तर किमतीतून तेवढे पैसे वळते करा आणि गाडी घरी न्यायच्या आधी बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदम बदला. दुसरं, मागच्या डिफरन्शियल आणि कपलिंगचे भाग महाग आहेत आणि मागवावे लागतात, म्हणून तिथं तेल गळतंय का, फिरताना घूं-घूं आवाज येतो का, हे लिफ्टवर चढवून बघाच.

आणि टायर! चार चाकांच्या ताकदीपेक्षा चार टायर जास्त काम करतात, हे मला बऱ्याच चिखलात कळलंय. टायरवर चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षांचा टायर नक्षी शिल्लक असली तरी कडक झालेला असतो, ओल्या मातीत धरत नाही. चारही टायर एकाच मापाचे, एकाच मेकचे, सारखे झिजलेले हवेत. डस्टरला तर हे अगदी पाळावंच लागतं. दोन नवे आणि दोन गुळगुळीत असले की चाकांचा घेर वेगळा होतो आणि कपलिंगला वाटतं चाक घसरतंय, ते उगाचच राबत राहतं. तुम्हाला ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि माती दोन्हीला चालणारे, पुरेत. मोठ्या गाठींचे मड-टेरेन घेऊ नका, पावसात महामार्गावर ब्रेक लावताना ते दगा देतात आणि ४५ किलोमीटर रोज कानाशी घोंगावतात. दहा लाखांतले निदान एक लाख टायर, बेल्ट, तेलं आणि बुशसाठी बाजूला ठेवा. म्हणजे गाडी नऊचीच बघायची.

माझा कौल असा. दुधाची पिकअप श्रावणात वर जात असेल तर डस्टर. जात नसेल तर स्कॉर्पिओ. तुम्ही लिहिलंय की स्विफ्ट अडकते पण ‘चढावर’ अडकते, खालच्या सपाटीला नाही, त्यावरून मला निसरड्या मातीचंच दुखणं वाटतंय आणि माझं मन डस्टरकडं झुकतंय. पण ठरवायच्या आधी आईंना गाडीत बसवून कळंब्यापासून निदान कात्यायनीपर्यंत नेऊन आणा. चढताना-उतरताना त्यांचा हात कुठं जातो ते बघा.

कागदपत्रांत फार लिहीत नाही. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, थकलेले चलान किती, विमा कधी संपतो, हे सरकारी परिवहन ॲपवर गाडीच्या नंबरवरून दिसतं. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. सगळे पैसे फॉर्मवर सही झाल्यावरच द्या आणि विमाही लगेच स्वतःच्या नावावर करून घ्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नसतो, ते धरूनच हप्ता मोजा.

एक विनंती मात्र करतो. गाडी हातात आली की मसाई पठारावर किंवा कुठल्याही सड्यावर चाकोरी सोडून घालू नका. त्या जांभ्यावर मातीचा थर बोटभर असतो आणि पावसाळ्यात त्याच थरात फुलं येतात. एका टायरचा व्रण तिथं वर्षानुवर्षं राहतो. दाजीपूरला तर अभयारण्य आहे, तिथं वनखातं सांगेल त्याच वाटेनं. आणि फोर बाय फोर आहे म्हणून रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात उतरू नका. वाहतं पाणी गाडी उचलतं, मग चाकं दोन फिरली काय आणि चार फिरली काय. साचलेल्या पाण्यात गाडी बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. हवेच्या वाटेनं इंजिनात पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा आणि टो करून न्या.

डस्टर घेतलीत तर महिन्यातून एकदा पाणंदीच्या पायथ्याशी बटण लॉकवर टाकून वर जा आणि वर पोचलात की परत ऑटोवर आणा. स्कॉर्पिओ घेतलीत तर तिथंच फोर-हाय आणि पाच मिनिटं फोर-लो. कोरड्या उन्हाळ्यातसुद्धा हे चुकवू नका. आणि दूधवाल्याचं काय उत्तर आलं ते मला जरूर कळवा.